वाळूच्या पिशवीवर दहा, स्लिंग आवळली की आठ : .२२ रायफलचा स्टॉक नेमका कुठे हलतोय?

तक्रार ठरलेली असते. ५० मीटरवर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली की गोळ्या एकमेकींच्या भोकातून जातात. तीच रायफल, त्याच लॉटची (उत्पादनाच्या एकाच खेपेची) गोळी, पण प्रोनमध्ये (पालथं झोपून) स्लिंग, म्हणजे दंड रायफलला बांधणारा पट्टा, आवळून मारली की ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) उभा ताणला जातो, नाहीतर अख्खा सरकतो. साइटचे क्लिक फिरवून झिरो (निशाणा आणि गोळीची जागा जुळवणं) पुन्हा घ्यावा तर पंधरा-वीस गोळ्या बऱ्या जातात, मग पुन्हा तेच. नीलिंगला, म्हणजे एका गुडघ्यावर, बसलं की तिसरीच जागा. आणि जून उजाडला की मे महिन्यात पाठ झालेला झिरो कुठल्या कुठे गेलेला असतो.

यावर रेंजवर पहिला सल्ला मिळतो तो स्टॉकचा, म्हणजे रायफलचा लोखंडी भाग ज्या सांगाड्यात बसतो त्याचा : ‘लाकडी स्टॉक काढ, अ‍ॅल्युमिनियमचा घाल.’ खर्च मोठा, आणि बऱ्याचदा तक्रार नव्या स्टॉकबरोबर जशीच्या तशी पुढे जाते. कारण स्टॉक ‘मऊ’ असणं हा सहसा मूळ आजार नसतोच. मऊ स्टॉक दुसऱ्याच एखाद्या दोषाला वाट करून देतो : बॅरलला कुठेतरी स्पर्श होतो, अ‍ॅक्शन (बॅरलच्या मागचा, बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) पिळली जाते, किंवा एखादा सांधा ढिला असतो. तो दोष आधी हुडकायचा, पैसे नंतर खर्चायचे.

आधी हिशोब : स्टॉक लवचीक असल्याने खरोखर किती बिघडू शकतं?

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिमीवर. दशांशात मोजलं तर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. आठमध्ये गेलेली गोळी म्हणजे तिचा मध्य केंद्रापासून किमान १६ मिमी दूर. हे माप डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

.२२ एलआरच्या (लाँग रायफल, या रायफलीचं नेहमीचं काडतूस) मॅच गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. वेग साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद. ६६ सेंटीमीटरच्या बॅरलमधून बाहेर पडायला तिला अडीच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. गोळी पुढे ६६ सेंटीमीटर जाते तेवढ्यात ६ किलोची रायफल मागे किती येते? वजनांच्या प्रमाणात : ०.३ मिमीपेक्षाही थोडं कमी. खांद्याला जो धक्का कळतो तो जवळजवळ सगळा गोळी निघून गेल्यानंतरचा. म्हणून ‘रिकॉइलमुळे निशाणा उडाला’ असं जे सर्रास म्हटलं जातं त्यात डोळ्यांना दिसणारी उडी धरू नका. ती गोळीच्या मागे राहिलेली असते.

तरीही त्या ०.३ मिमीत एक गोष्ट घडते. बॅरलचा अक्ष रायफलच्या गुरुत्वमध्यापेक्षा वर असतो, त्यामुळे मागे येता येता नळीचं तोंड वर वळतं. अक्ष २५ मिमी वर धरला आणि नेहमीच्या मॅच रायफलची लांबी-वजन घेतली, तर गोळी बाहेर पडेपर्यंत झालेला हा कोन ५० मीटरवर सुमारे ४ मिमी भरतो. नळीचं तोंड वर जात असल्याचा वेग गोळीलाही मिळतो, त्याचे आणखी दोन-तीन मिमी. हे सगळं प्रत्येक गोळीला सारखंच झालं तर काहीच बिघडत नाही, ते झिरोमध्ये जिरून जातं. खांद्याची पकड आणि स्टॉकचं वाकणं यामुळे त्यात वीस टक्क्यांचा फरक पडला, तर गोळी दीड मिमीच्या आत हलेल. म्हणजे दोन दशांश गुण.

थोडक्यात, नुसत्या लवचीकपणाने दशांश जातात. दोन रिंग गेल्या असतील तर कारण वेगळं आहे.

दुसरी गोष्ट अनेक जण विसरतात. मागची डायऑप्टर (बारीक भोकातून बघायची) साइट अ‍ॅक्शनवर असते आणि पुढची बॅरलवर. स्टॉकवर दोन्हींपैकी एकही नसते. त्यामुळे फोरएंड, म्हणजे बॅरलखालचा स्टॉकचा पुढचा भाग, वाकला म्हणून निशाणा आपोआप वाकत नाही. साइट आणि बॅरल एकाच लोखंडावर आहेत, ती बरोबरच हलतात. बिघाड व्हायला फोरएंडने त्या लोखंडाला बोट लावावं लागतं.

गोळीवर संशय आधी

उभा ग्रुप दिसला की लगेच स्टॉक सोडवायला घेऊ नका. ५० मीटरवर .२२ची गोळी सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंद फरक असेल तर उंचीत ७ ते ८ मिमी फरक पडतो, म्हणजे अख्खी एक रिंग. स्वस्त सरावाच्या गोळीत एवढा फरक सहज असतो. तेव्हा तपासणीपुरती तरी एकाच लॉटची मॅच गोळी वापरा.

इथे स्टॉकचा एक आडवळणाचा संबंध आहे. हळू गोळी बॅरलमध्ये थोडा जास्त वेळ असते, तेवढ्यात नळी थोडी जास्त वर गेलेली असते, आणि ती गोळी वरच्या कोनातून सुटते. त्यामुळे हळू गोळीचं खाली पडणं अंशतः भरून निघतं. ही भरपाई पिशवीवर एक आणि खांद्यावर दुसरी असते, कारण रायफल मागे येण्याची आणि वर वळण्याची रीतच बदलते. पिशवीवर उत्तम ठरलेला लॉट प्रोनमध्ये उभा पसरतो, तेव्हा स्टॉकला बोल लावण्याआधी दुसरा लॉट प्रोनमध्येच मारून बघा.

तपासणी

सगळ्या तपासण्या बोल्ट काढून, चेंबर रिकामं डोळ्यांनी पाहून आणि सेफ्टी फ्लॅग घालून करायच्या. अपवाद फक्त पहिल्या तपासणीचा, तिला गोळ्या लागतात आणि ती रेंजवरच होते.

पहिली तपासणी टेकूची. रायफल बेंचवर घ्या. मागची पिशवी तीच ठेवायची, पुढची दोन जागी : एकदा अ‍ॅक्शनच्या लगेच पुढे, एकदा हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा, स्लिंग अडकवायचा ठोकळा) जिथे असतो तिथे. पाच गोळ्या एका जागी, पाच दुसऱ्या, असं आलटून पालटून प्रत्येक जागेच्या वीस गोळ्या. वेगवेगळी कागदी टार्गेटं वापरा आणि प्रत्येक ग्रुपचं केंद्र काढा. ग्रुप किती छोटा आला याकडे सध्या बघायचं नाही, दोन केंद्रांतलं अंतर बघायचं. चांगल्या रायफलचंही दहा गोळ्यांचं केंद्र मिलीमीटरभर इकडेतिकडे जातं, म्हणून २ मिमीपर्यंतच्या फरकावर काही बांधू नका. ४ मिमी किंवा जास्त आला तर फोरएंडवरचा भार बॅरलपर्यंत पोचतोय हे नक्की. पाच-पाच गोळ्या मारून निष्कर्ष काढणाऱ्याला दर आठवड्याला नवा दोष सापडतो.

दुसरी कागदाची. साध्या ८० जीएसएम कागदाची तीन सेंटीमीटर रुंद पट्टी बॅरल आणि फोरएंडच्या फटीत सरकवा आणि अ‍ॅक्शनपर्यंत ओढत न्या. सगळेच करतात, पण रायफल टेबलावर पडलेली असताना करतात. खरी तपासणी भाराखाली करायची. जॅकेट, ग्लव्ह, स्लिंग, सगळं घालून प्रोनमध्ये झोपा, रोजच्याइतकी स्लिंग आवळा आणि सहकाऱ्याला पट्टी सरकवायला सांगा. मग स्लिंग एक भोक अधिक आवळून पुन्हा. टेबलावर मोकळी फिरणारी पट्टी इथे अडकली तर दोष हाताशी आला. नेमकी कुठे अडकते तिथे पेन्सिलने खूण करा. कागद ०.१ मिमी जाड असतो, गोळी सुटताना बॅरल थरथरतेही, म्हणून एका कागदावर समाधान मानू नका. पोस्टकार्डाची दुहेरी घडी विनासायास जायला हवी.

तिसरी वजनाची, म्हणजे फोरएंड किती लेचापेचा आहे ते आकड्यात. रायफल उलटी करून अ‍ॅक्शनचा भाग जाड फेल्ट लावलेल्या पाळण्यात घट्ट बसवा. फोरएंड आणि बॅरल मोकळे हवेत. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये चार लिटर पाणी भरा आणि हँडस्टॉपच्या जागी टांगा. प्रोनमध्ये डाव्या तळव्यावर साधारण एवढाच भार येतो. टांगण्याआधी आणि नंतर बॅरल-फोरएंडमधली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) मोजा.

किती अपेक्षित? भरीव अक्रोडाचा ४५ मिमी रुंद, ४० मिमी उंच फोरएंड, मध्ये बॅरलची खाच, पुढच्या स्क्रूपासून ३० सेंटीमीटरवर चार किलो : ढोबळ हिशोबाने पाव मिलीमीटर. प्लॅस्टिकचा, पातळ भिंतींचा, उघड्या नाल्यासारखा फोरएंड याच भाराखाली दोन मिमीवर जाऊ शकतो. तिथे कारखान्यातून आलेली १ मिमीची फट स्लिंग आवळताच बंद. हा आठपट-दहापट फरक येतो तो नुसता पदार्थातून येत नाही. अक्रोडाचा तंतूंच्या दिशेतला ताठरपणा ११ गिगापास्कलच्या आसपास असतो, काचतंतू घातलेल्या नायलॉनचा साधारण त्याच्या अर्धा. बाकीची करामत आकाराची : ताठरपणा उंचीच्या घनात वाढतो. फोरएंड ४० ऐवजी ४४ मिमी उंच केला की तो एक-तृतीयांशाने ताठ होतो. मॅच रायफलींचे फोरएंड खोल का असतात याचं निम्मं उत्तर यात आहे, उरलेलं निम्मं हाताच्या उंचीचं.

वाकण्याबरोबर पीळही बघा. उजव्या हाताच्या नेमबाजाची स्लिंग फोरएंडला मागे आणि डावीकडे ओढते, तीही बॅरलच्या बरीच खालून. तळवा त्याच जागी वर ढकलत असतो. यातलं कोण वरचढ ठरतं ते स्लिंगच्या कोनावर, म्हणून ग्रुप कोणत्या दिशेला सरकेल हे आधीच सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. उघड्या नाल्याचा आकार पिळाला सगळ्यात कच्चा असतो. पट्टी फक्त डाव्या किंवा उजव्या कडेला अडकत असेल तर तो पीळच आहे.

चौथी तपासणी सगळ्यात बोलकी, बेडिंगची, म्हणजे लोखंड स्टॉकमध्ये जिथे टेकतं त्या बैठकीची. हिला चुंबकी पायाचा डायल गेज लागतो, ०.०१ मिमीचा. जवळपास कुणाचा लेथ असेल तर त्याच्याकडून तासाभरासाठी मिळतो. रायफल उभी धरा, पाया बॅरलवर चिकटवा, डायलचं टोक फोरएंडच्या टोकाजवळ लाकडावर टेकवा आणि काटा शून्यावर आणा. आता पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सावकाश ढिला करा, काट्यावर नजर ठेवून. पुन्हा आवळा. मग हेच मागच्या स्क्रूने.

०.०२-०.०३ मिमी हलला तर बेडिंग उत्तम. ०.०५ पर्यंत चालवून घ्या. त्याच्या वर गेला, ०.१० किंवा ०.१५, तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन केळीसारखी वाकते आहे. खालचा आधार सपाट नाही, ती दोन टोकांवर टेकली आहे, आणि स्क्रू तिला मध्ये खेचतोय. अशी ताणलेली अ‍ॅक्शन प्रत्येक शॉटला तंतोतंत त्याच जागी परत बसेलच असं नाही. वर स्लिंगचा ताण आला की तिचं बसणं आणखी बदलतं. ‘पंधरा-वीस गोळ्यांनी झिरो सरकतो’ ही तक्रार बहुधा इथे येऊन थांबते.

ताठ स्टॉक इथे उलट जास्त छळतो. लाकूड थोडं दबून अ‍ॅक्शनला सामावून घेतं, अ‍ॅल्युमिनियम घेत नाही. सपाट नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बेडवर ६ न्यूटन-मीटरने आवळलेली अ‍ॅक्शन लाकडावरच्यापेक्षा वाईट वाकते. महागडा स्टॉक घातल्यावर ग्रुप मोठे झाले, ही कथा अशीच घडते.

तीन पोझिशनमध्ये तीन झिरो : हा दोष आहे का?

नेहमीच नाही. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नीलिंग, प्रोन, स्टँडिंग या क्रमाने मारतात. पहिल्या दोन्हींत स्लिंग, पण वेगळ्या कोनाची. स्टँडिंगमध्ये स्लिंग नाहीच आणि आधाराचा हात कितीतरी मागे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्यपदक घेतलं. त्या दर्जाच्या रायफलीचाही तिन्ही पोझिशनचा झिरो एक नसतो, डोकं आणि खांदा वेगळे बसतात म्हणून काही क्लिकचा फरक राहतोच. ओळखायचं असं : निरोगी रायफलीचा फरक ठरलेला असतो. ‘प्रोनवरून स्टँडिंगला जाताना चार क्लिक वर’ असं वहीत एकदा लिहिलं की महिनाभर तेच. तो फरक रोज बदलत असेल, किंवा एकाच पोझिशनमध्ये मालिकेच्या मध्यावर सरकत असेल, तर स्टॉककडे वळा.

स्कॅटसारखी, निशाण्याची हालचाल पडद्यावर रेघेने दाखवणारी इलेक्ट्रॉनिक ट्रेनिंग यंत्रणा असेल तर खऱ्या गोळ्या मारताना शॉटनंतरची रेघ पाहा. दहापैकी नऊ रेघा एकाच दिशेला उडून दहाकडे परत येत असतील तर स्टॉक आणि पोझिशन दोन्ही ठीक. रेघांचा पिसारा झाला तर आधी बटप्लेट (खांद्याला टेकते ती) आणि चीकपीस (गालाला टेकतो तो) हाताने हलवून बघा. निम्म्या वेळा तिथेच खुळखुळतं.

दुरुस्ती, स्वस्तापासून

सुरुवात स्क्रूपासून. टॉर्क ड्रायव्हर घ्या, नुसत्या अ‍ॅलन कीचा अंदाज पुरत नाही. रायफल बटावर उभी करा आणि बट मॅटवर एक-दोनदा हलकेच आपटा, म्हणजे अ‍ॅक्शन मागे सरकून रिकॉइल लग (तिच्याखालचा, धक्का स्टॉकला देणारा दात) आपल्या जागी टेकेल. लग टेकलेला नसेल तर पहिल्या काही गोळ्याच अ‍ॅक्शनला मागे ढकलून बसवतात, आणि तोपर्यंतचा ग्रुप वाया. मग पुढचा स्क्रू, नंतर मागचा, तीन टप्प्यांत. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर अ‍ॅल्युमिनियम बेड असलेल्या मॅच रायफलला ५ ते ६ न्यूटन-मीटर, पिलर (स्क्रूभोवतीची धातूची नळी) घातलेल्या लाकडाला ४ ते ५, आणि पिलर नसलेल्या साध्या लाकडाला २ ते २.५, त्याच्या वर नाही. नुसत्या लाकडावर जोर लावला की स्क्रूखालचे तंतू चिरडतात. आठवड्याने टॉर्क उतरलेला दिसतो, पुन्हा आवळता, आणखी चिरडतात. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून स्टॉकपर्यंत नेलपॉलिशची रेघ मारा. रेघ तुटली की स्क्रू फिरला.

टॉर्क अर्ध्या न्यूटन-मीटरने कमीजास्त करून ‘गोड जागा’ शोधण्याचा छंद बऱ्याच जणांना असतो. अर्ध्याने ग्रुप दुप्पट होत असेल तर त्यात गोड काही नाही, बेडिंग वाईट असल्याचं ते लक्षण आहे.

मग सांधे. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला दहा-बारा तरी क्लँप आणि स्क्रू असतात : फोरएंडची नळी, ग्रिप, चीकपीस, बटची दांडी, हूक. पाटा कितीही ताठ असो, एक क्लँप ढिला असेल तर तो स्टॉक मऊच. ज्या सांध्यांना रोज हात लावत नाही त्यांना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर लावा. लाल लावू नका, तो उघडायला गरम करावं लागतं. हँडस्टॉप सरकतोय का, हे कळायला त्याच्या मागे टेपची बारीक पट्टी चिकटवा. लाकडी फोरएंडखालची अ‍ॅक्सेसरी रेल आखूड लाकडी स्क्रूंवर बसवलेली असते. सगळा स्लिंगचा ताण त्या स्क्रूंवर. त्यातला पहिला उपसला की रेल उचलली जाते. उपसलेलं भोक ईपॉक्सीत बुडवलेल्या लाकडी खुंटीने भरून, वाळल्यावर नव्याने पाडा.

बॅरलला स्पर्श होत असेल तर खाच मोकळी करा. बॅरलपेक्षा ३-४ मिमी जाड गोल काठीला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, पेन्सिलच्या खुणेपाशी, पाच-पाच घासे आणि पुन्हा पट्टी. कोरड्या दिवसांत १ मिमी फट पुरते, आपल्याकडे पावसाचा विचार करून दीड ते दोन ठेवा. अक्रोडाच्या लाकडातली ओल ४ टक्क्यांनी वाढली की ५० मिमी रुंदीचा तुकडा आडव्या दिशेने अर्ध्या मिमीच्या आसपास फुगतो. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. दोन्ही कडा सारख्या फुगत नाहीत म्हणून फोरएंड एका बाजूला झुकतो. जूनमधल्या डावीकडच्या सरकण्याचा उलगडा बऱ्याचदा एवढाच. बाहेरून चकचकीत पॉलिश असलेला स्टॉक आतून, बॅरलच्या खाचेत आणि बटप्लेटखाली, कोरा ठेवलेला आढळतो. ओल तिथूनच शिरते. आतल्या भागाला पातळ ईपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. नुसतं जवसाचं तेल दिसायला सुंदर, पण दमट हवेला अडवत नाही. नायलॉनचे स्टॉक ‘पावसाळी’ म्हणून विकले जातात खरे, पण नायलॉनही ओल पितो आणि पिऊन मऊ पडतो.

प्लॅस्टिकच्या फोरएंडला ताठ करायचं असेल तर नाल्यात ८ मिमीच्या दोन कार्बन नळ्या ईपॉक्सीत पुरतात. नाला अ‍ॅसिटोनने पुसा, ८० नंबरने खरवडा, आतल्या आडव्या भिंतींना ३ मिमीची भोकं पाडा म्हणजे ईपॉक्सी धरून राहील. नळ्या अ‍ॅक्शनच्या पुढच्या स्क्रूजवळून सुरू व्हायला हव्यात. नुसतं टोक ताठ करून उपयोग नाही, वाकतं ते मुळाशी. ईपॉक्सी एकदम ओतू नका. जाड थर स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि प्लॅस्टिकला वाकडं करतो, म्हणून दोन-तीन ओतींत करा. भरण बॅरलच्या ३ मिमी खाली थांबवा. स्टॉक पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर हा खटाटोप करू नका, त्याला ईपॉक्सी चिकटत नाही, काही दिवसांत अख्खी पट्टी सुटून येते. पुढे वाढलेल्या दीड-दोनशे ग्रॅमने तोल बदलेल, तेवढं बटात भरून काढा. ५० मीटरला एकूण वजनाची मर्यादा ८ किलो आहे.

बेडिंग हे शेवटचं आणि सगळ्यात परिणामकारक काम. ते परवानाधारक आर्मररकडून करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते ठाऊक असावं. दोन्ही स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलचे पिलर, अ‍ॅक्शनच्या खालच्या आकाराला जुळलेले. भोवती धातूची पूड असलेली ईपॉक्सी. रिकॉइल लगच्या फक्त मागच्या तोंडाला ईपॉक्सी भिडली पाहिजे. पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली मास्किंग टेपचा थर लावून नंतर काढायचा, म्हणजे तिथे फट राहते. सगळीकडून घट्ट बसलेला लग अ‍ॅक्शन बाहेर काढता-घालताना कडा कुरतडतो आणि खाली टेकला तर अ‍ॅक्शन पुन्हा वाकते. ट्रिगरच्या जागा आणि भोकं क्लेने बुजवायची, लोखंडावर रिलीज एजंटचे दोन हात, कानाकोपऱ्यांत सुद्धा. एक कोपरा राहिला तर स्टॉक फोडून रायफल काढावी लागते. आणि ईपॉक्सी ओली असताना स्क्रू जोराने आवळायचे नाहीत. आवळले तर वाकलेल्या अ‍ॅक्शनचाच साचा तयार होतो, आणि सगळा खर्च करून तीच केळी कायमची मिळते. अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनाने आणि टेपच्या दोन-तीन फेऱ्यांनी बसू द्यायची. २४ तास हात लावायचा नाही. काम परत घेताना डायल गेज बरोबर न्या आणि चौथी तपासणी तिथेच करा.

.२२ सोडून

मोठ्या बोअरला, म्हणजे जाड नळीच्या रायफलीला, वरचा हिशोब बदलतो. १६८ ग्रेनची .३०८ची गोळी ८०० मीटर प्रतिसेकंदाने जाते, तेव्हा साडेपाच किलोची रायफल गोळी नळीत असतानाच दीड मिमी मागे येते, .२२च्या पाचपट. इथे बटजवळचा बारीक, लवचीक गळा खरोखर महागात पडतो : आधी वाकतो, मग उलटा झटका देतो, आणि खांद्याला एकाऐवजी दोन धक्के जाणवतात. ताठ स्टॉकमध्ये धक्का एकच पण टोकदार. तो बोथट करायला रबरी रिकॉइल पॅड लावायचा, स्टॉक मऊ करायचा नसतो.

१० मीटर पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलला रिकॉइल नावापुरतंच : ०.५३ ग्रॅमचा छर्रा, वेग १७५ मीटरच्या आसपास. तिथे दहाचा ठिपकाच अर्ध्या मिमीचा, म्हणून ढिले सांधे आणि सिलिंडरचा बॅरलला होणारा स्पर्श बघा, लवचीकपणाच्या नादी लागू नका. स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीचं उलट. पिस्टन सुटताना ती मागे येते आणि पिस्टन आदळताना पुढे झेपावते, हे सगळं छर्रा नळीत असतानाच. फोरएंडचे दोन्ही बाजूंचे स्क्रू त्यामुळे सतत सुटतात. दर शंभर छऱ्यांनी बघा, आणि फोरएंड घट्ट न पकडता उघड्या तळव्यावर नुसता टेकू द्या.

स्टॉक बदलायचाच कधी

गळ्याला किंवा मागच्या स्क्रूपाशी तंतूंच्या दिशेने भेग गेली असेल तर. भेग बंद असताना दिसत नाही. तिथे थोडं स्पिरिट पुसा, पृष्ठभाग लगेच कोरडा होतो आणि भेगेची रेघ ओली राहते. पाण्याच्या कॅनचं वजन काढल्यावर फोरएंड मूळ फटीवर परत येत नसेल, म्हणजे ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक उरत असेल, तरी त्याचं आयुष्य संपलं. बाकी वेळी दुरुस्ती करा आणि टेकूची तपासणी त्याच लॉटने पुन्हा मारा. टॉर्क ५० गोळ्यांनी एकदा, २०० गोळ्यांनी एकदा, आणि मग पहिल्या मोठ्या पावसानंतर.